बोलता नकाशा

माझ्या नणंदेला शाळेत सगळे नकाशाबाई म्हणत. भूगोल शिकवणारे इतरही होते, पण हे नाव मिळालं ते यांनाच. फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या की एकदा टेकवलेला खडू उचलायच्याच नाहीत. किनारा, आखात, भूशिर, पुन्हा किनारा असं करत खडू निघाला होता तिथे परत येऊन पोचायचा आणि फळ्यावर अख्खा खंड उभा राहायचा. मग त्या वळायच्या, हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता इथे राहायला कोण कोण येतंय?" कोणी डोंगरात राहायला जायचं, कोणी नदीच्या मुखाशी. तिथे पाणी कुठून आणणार, पिकवणार काय, थंडी पडली की करणार काय, अशी उलटतपासणी सुरू व्हायची आणि तास संपल्याची घंटा कोणाला ऐकूच यायची नाही.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, त्यांना ताई म्हणणारी. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. वरची खोली त्यांची, खालचा मजला आमचा आणि स्वयंपाकघर दोघींचं. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचं छान पटायचं, कारण एकाच माणसाची थट्टा करायला दोघींनाही आवडायचं, आणि तो माणूस म्हणजे माझा नवरा.

एका लांब सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ताई घरी आल्या आणि चहाच्या कपाकडे बघत नुसत्या बसून राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"फळा गेला."

"गेला म्हणजे?"

"आहे तिथेच, पण त्याच्यावरून पांढरा पडदा सोडलाय. छताला प्रोजेक्टर टांगलाय. मी खडू घेऊन उभी राहिले आणि मुलं हसायला लागली."

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी फर्मान काढलं होतं की यापुढे प्रत्येक शिक्षकाचं वेबवर स्वतःचं पान असेल. धडा तिथे, गृहपाठ तिथे, मुलांची उत्तरंही तिथेच. "ज्यांना जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगितलेलं बरं," असं मोठ्या बाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी कोणाकडेच पाहिलं नव्हतं, पण बाकीच्या सगळ्यांनी आमच्या ताईंकडे पाहिलं.

"मग सांगून टाकायचं, जमत नाही म्हणून," माझा नवरा म्हणाला. "निवृत्तीला राहिलंय किती?"

"तू गप रे," ताई म्हणाल्या. "तुला सायकल मी शिकवली. गटारात पडून रडत होतास. तेव्हा तुला म्हटलं होतं का मी, सोडून दे म्हणून?"

शिकवायला मिळाले संगणकाचे तरुण शिक्षक. त्यांच्या गळ्यात सदानकदा एखादी वायर अडकवलेली असायची, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी, म्हणून मुलं त्यांना वायरसर म्हणायची. शाळा सुटली की ताई त्यांच्यासमोर विद्यार्थिनीसारख्या बसायच्या. सुरुवातीला त्यांच्या नाकी नऊ आले. माऊस टेबलावरून घरंगळून पडेल या भीतीने त्या तो घट्ट आवळून धरायच्या. कुठलीही खिडकी बंद करायच्या आधी "हे परत मिळेल ना हो सर?" असं विचारायच्या. एकदा मला पाठवायचा निरोप त्यांनी वर्गाच्या पानावर टाकला: "येताना कांदे आण, घरातले संपलेत." दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग दप्तरातून कांदे घेऊन आला. ताईंनी ते सगळे घेतले आणि कुठल्या कांद्याला कसली माती लागते यावर तास घेतला. घरी येऊन सांगताना आम्हा दोघींची हसून हसून मुरकुंडी वळली. आठवडाभर आमच्याकडे भाजी कांद्याचीच होती.

मग एक दिवस वायरसरांनी त्यांना वेबवरचा नकाशा उघडून दाखवला. आधी सगळी पृथ्वी, मग खंड, मग देश, मग आपलं गाव, मग आपली गल्ली. संध्याकाळी ताई धापा टाकत आल्या आणि मला हाताला धरून त्यांनी संगणकासमोर बसवलं.

"बघ. ही आपली गच्ची. आणि हे हिरवे ठिपके आहेत ना, या तुझ्या कुंड्या."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या लक्षात आलं की आता ही बाई कोणाला आवरत नाही.

आणि तसंच झालं. त्या रोज काहीतरी नवीन शिकून यायच्या. फोटो कसा चढवायचा, आवाज कसा भरायचा, ठिपका कसा रोवायचा. त्यातूनच त्यांना ती कल्पना सुचली. वर्गाने मिळून आपल्या गावाचा नकाशा करायचा. रेषा ताईंच्या, हाताने काढून मग संगणकात घेतलेल्या. त्यावर ठिपके मुलांचे. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या जागेचा फोटो दिसणार आणि मुलाचा आवाज ऐकू येणार, ती जागा काय आहे, तिथे काय होतं ते सांगणारा. वायरसरांनी बाकी सगळी जुळणी करून दिली. मुलांनीच त्याला नाव ठेवलं, बोलता नकाशा.

त्या वर्गात एक मुलगी होती. खिडकीजवळ बसायची. बोलताना अडखळायची, आणि थोडीथोडकी नाही. एकेका शब्दाच्या पहिल्या अक्षरावर तिची मान ताणली जायची, डोळे मिटायचे. वर्गाने तिचं नाव ढकलगाडी ठेवलं होतं. ताईंच्या तासाला तसं म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती, पण ताईंनी दुसरं एक केलं होतं. त्यांनी तिला प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं. तिला त्रास नको म्हणून. ती हुशार आहे, लिहिते छान, मग कशाला सगळ्यांसमोर, असा त्यांचा हिशेब. पुढे त्यांना याचंही वाईट वाटत राहिलं.

मुलांचे आवाज यायला लागले तेव्हा ताई स्वयंपाकघरातच संगणक घेऊन बसायच्या. मी मटार सोलत असायची. एक मुलगा न्हाव्याच्या दुकानातल्या तीन आरशांबद्दल बोलला. एकीने पाण्याच्या टाकीवरून दिसणारं गाव सांगितलं. आम्ही हसत होतो, अधूनमधून दाद देत होतो. मग एक आवाज आला. स्वच्छ, संथ, वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यासारखा मोकळा.

"ही शिंप्यांची गल्ली. इथून जाताना डोळे मिटले तरी कळतं कुठे आलो ते. आधी पायमशीन, तिचा आवाज गाडी रुळावरून जाते तसा. मग मोटरची मशीन, ती माशीसारखी. आणि शेवटच्या दुकानात आवाजच नाही, तिथे आजोबा हाताने काजं करतात. पण ते गुणगुणतात, म्हणून दुकान सापडतं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोण हो ही?"

ताईंनी नाव पुन्हा पुन्हा वाचलं. "ती आहे," त्या म्हणाल्या. "अगं, ती आहे ही."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला गाठलं आणि विचारलं, हे कसं केलंस. ती लाजली. मग बराच वेळ घेऊन म्हणाली, "खू-खूपदा केलं, बाई. अ-अडकलं की पु-पुसायचं. परत. घ-घरी कोणी नसतं तेव्हा."

मला हे सांगताना ताईंचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं मी फळ्यावर नकाशे काढले," त्या म्हणाल्या, "आणि त्या पोरीला लागत होतं काय, तर कोणी बघत नसताना पुसायची मुभा."

त्यानंतर ती मुलगी फुलतच गेली. तिचे ठिपके वाढले. वर्गातली मुलं नकाशा उघडली की आधी तिचे ठिपके शोधायची. ढकलगाडी हे नाव कधी बंद झालं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा तर ती तासाला आपणहून उठली, अडखळतच उत्तर दिलं, आणि वर्ग गप्प बसून पुरं होईपर्यंत थांबला. त्या दिवशी ताईंनी घरी येऊन शिरा केला. त्यांना तो कधीच नीट जमायचा नाही, पण आम्ही तो मुकाट्याने खाल्ला.

मग पालकसभा आली. मोठ्या बाईंनी ताईंनाच सांगितलं की मंचावरून बोलता नकाशा तुम्ही दाखवायचा. शिक्षणखात्याचे कोणी साहेबही येणार होते. जमणार नाही म्हणून ज्यांच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं होतं त्याच आता शाळेचं नाक झाल्या होत्या. ताईंना त्याचा आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. झाला, आणि तो त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायला लागला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्या मुलीला त्यांनी आधी विचारलं होतं. "तुझा आवाज ऐकवू का गं सगळ्यांना?" तिने विचार करून सांगितलं, "शिं-शिंप्यांचा. तो-तोच लावा, बाई." ताई म्हणाल्या, तोच लावीन.

त्याच आठवड्यात ताईंनी वर्गाला नकाशासाठी शेवटचं काम दिलं होतं: फक्त तुम्हालाच माहीत असलेली एखादी जागा. कोणी झाडातली ढोली सांगितली, कोणी मांजरीने पिल्लं घातलेला फुटका पाइप. ज्यांना ती जागा सगळ्यांना सांगायची नसेल त्यांच्यासाठी वायरसरांनी सोय करून दिली होती. ठिपक्यावर एक छोटं कुलूप यायचं, आणि तो फक्त बाईंनाच उघडता यायचा.

मी सभेला गेले होते, माझा नवराही आला होता. सभागृह भरलं होतं. मुलगी आईवडिलांच्या मध्ये बसली होती. आई बारीक अंगाची, हातात पिशवी घट्ट धरलेली. वडील कामावरच्या कपड्यांतच होते, खिशावर गोदामाचं नाव शिवलेला निळा सदरा. आमच्याच रांगेत, जरा पलीकडे होते ते. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो."

ताईंनी नकाशा उघडला. काय सुंदर दिसत होता तो त्या मोठ्या पडद्यावर! त्यांनी दोन-तीन मुलांचे ठिपके ऐकवले. मग म्हणाल्या, "आता मी तुम्हाला असा एक आवाज ऐकवणार आहे, जो आमच्या वर्गाने कित्येक महिने ऐकलाच नव्हता." त्यांनी मुलीचं नाव घेतलं, तिला उभं राहायला सांगितलं, आणि शिंप्यांची गल्ली सुरू केली.  आईने तोंडावर हात धरला. वडील पुढे वाकून, पडद्याकडे नाही, मुलीच्या तोंडाकडे बघत होते, जणू हा आवाज त्यातूनच येतोय का याची खात्री करून घेत होते. आवाज संपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनीही वाजवल्या. मुलगी लाल झाली होती, पण हसत होती.

तिथे थांबायचं होतं. तिथे थांबल्या असत्या तर मी हे लिहायला बसलेच नसते.

टाळ्या थांबेनात. कोणीतरी म्हणालं, "आणखी एक!" ताईंनी पडद्याकडे वळून पाहिलं. मुलीचा एक नवा ठिपका आला होता, त्याच दिवशी सकाळी टाकलेला, त्यांनी स्वतःही अजून न ऐकलेला, कोपऱ्यात छोटं कुलूप असलेला. "आणखी एक ऐकवते," त्या म्हणाल्या आणि त्यावर बोट ठेवलं.

मी मुलीकडे बघत होते. तिचं हसू तिथल्या तिथे थिजलं. तिने तोंड उघडलं. मान ताणली गेली, डोळे मिटले, ओठ 'बाई' या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडकून राहिले. तिला थांबवायचं होतं आणि शब्द बाहेर येत नव्हता. तेवढ्यात तिचाच आवाज सभागृहभर बोलायला लागला, जराही न अडखळता.

"ही जागा फक्त मला माहीत आहे. बागेतलं कारंजं बंद आहे, म्हणून इकडे कोणी येत नाही. त्याच्या मागच्या बाकावर माझे बाबा बसतात. रोज सकाळी ते डबा घेऊन कामाला निघतात आणि इथे येतात. गोदाम कधीच बंद झालंय. आईला माहीत नाही. बाबांना वाटतं मलाही माहीत नाही. डबा खाऊन झाला की ते तो नळाखाली धुतात आणि मग बराच वेळ हातात धरून बसतात. त्यांना मी दिसू नये म्हणून मी आता पलीकडच्या रस्त्याने..."

ताईंना तिसऱ्या-चौथ्या वाक्याला उमगलं. पण थांबवायचं बटण सापडेना, शेवटी घाईघाईने त्यांनी एक दाबलं. ते चुकीचं होतं. आवाज क्षणभर थांबला आणि पहिल्यापासून सुरू झाला, "ही जागा फक्त मला माहीत आहे." पडद्यावर त्या बाकाचा फोटो होता, लांबून काढलेला, आणि बाकावर निळ्या सदऱ्यातली एक पाठ. ताई पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. फोटो त्यांच्या अंगावर पडला. पाठीमागून वायरसर खुर्च्या ढकलत धावले आणि त्यांनी भिंतीतली वायरच उपटली.

अंधार झाला, मग कोणीतरी दिवे लावले. वडील उठले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण उगाच लावलं, आणि रांगेतल्या लोकांना "जरा... जरा जाऊ द्या" असं म्हणत बाहेर पडले. थोड्या वेळाने आई उठली. मुलगी तशीच उभी होती. तिला बस म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी आम्ही चालतच निघालो. माझा नवरा म्हणाला, "तुझी काय चूक, यंत्राने घात केला." ताईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुढे चालायला लागला.

मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग शाळा सुटल्यावर ताई तिच्या घरी गेल्या. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून मला बरोबर घेतलं. जिना चढताना दोनदा थांबल्या. दार आईने उघडलं. आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. तिने आम्हाला आत बोलावलं नाही, पण दारही लोटलं नाही.

"मी माफी मागायला आलेय," ताई म्हणाल्या.

"कुणाची?" आईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

"तुमची. तिची. तिच्या वडिलांची."

"ते नाहीत. भावाकडे गेलेत, दुसऱ्या गावी. तिकडे काम बघतो म्हणाले." तिने एकदा मागे वळून आत पाहिलं. "बाई, मला माहीत होतं."

ताईंना कळेना.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. गोदामातल्या एकाची बायको माझ्या ओळखीची. मी रोज डबा भरून देत होते. बाहेर पडायला त्यांना काहीतरी लागतं ना हातात. वाटलं, दुसरं काम मिळालं की आपणहून सांगतील. पोरीलाही माहीत आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं." तिने पदराने कपाळ पुसलं. "आम्ही तिघंही एकमेकांना सांभाळत होतो. चाललं होतं आमचं. आता सगळ्यांना सगळं माहीत झालंय, आणि घरात कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघवत नाही."

"मी ते कुलूप पाहिलं होतं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं..."

"तुम्ही तिचं भलंच करत होतात," आई म्हणाली. "ते मला कळतं. पण तिने एकच लावा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? घरी येऊन आम्हाला सांगितलं होतं तिने, बाई शिंप्यांचा लावणारेत म्हणून. नवा फ्रॉकही त्यासाठीच घातला होता."

 आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथे कोणीतरी उभं होतं, दाराखालच्या फटीतून पावलं दिसत होती. ताईंनी तिला नावाने हाक मारली. पावलं हलली नाहीत.

"कुकर बंद करायचाय," आई म्हणाली आणि तिने हळूच दार लावून घेतलं.

त्या रविवारी दुपारी ताई संगणकासमोर नकाशा उघडून बसल्या होत्या. मी पापड भाजत होते. त्यांनी मला हाक मारली नाही, पण त्या इतक्या गप्प झाल्या की मीच जाऊन पाहिलं. मुलीचे ठिपके जात होते. पाण्याच्या हौदाजवळचा गेला. मग चांभाराच्या पायरीवरचा. मग पुलाखालचा. कुठेतरी दुसऱ्या एका पडद्यासमोर बसून ती एकेक पुसत होती, आणि आम्ही इकडून बघत होतो. शिंप्यांच्या गल्लीतला सगळ्यात शेवटी गेला. त्याआधी ती बराच वेळ थांबली होती.

"ऐकत असेल का हो?" मी विचारलं.

"नको विचारूस," ताई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात आईने मुलीचा दाखला काढून नेला. कुटुंब वडिलांच्या भावाच्या गावी गेलं. ताईंनी तिला वर्गाच्या पानावरून एक निरोप पाठवला होता. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. तो तिने वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

शाळेत ताईंना कोणी दोष दिला नाही. मोठ्या बाई म्हणाल्या की तांत्रिक अडचण होती. साहेबांनी तर उपक्रमाचं कौतुक करून पाठवलं. ताई राजीनामा लिहून घेऊन गेल्या तो मोठ्या बाईंनी वाचलाही नाही. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्या पुन्हा वायरसरांसमोर जाऊन बसल्या. या वेळी फोटो कसा चढवायचा ते नको होतं. कोणाला काय दिसतं, कोणाचं काय झाकलेलं राहतं, मुलाने विश्वासाने दिलेली गोष्ट कुठे कुठे फुटू शकते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. वायरसरांना उत्तर ठाऊक नसलं की ते शोधून यायचे. वर्षभरात त्या बाकीच्या शिक्षकांना शिकवायला लागल्या. दुसऱ्या शाळांतूनही बोलावणी आली. खडू त्यांनी पुन्हा फारसा हातात घेतला नाही. कोणी आग्रह केला तर फळ्यावर खंड काढायच्या, पण "इथे राहायला कोण येतंय" असं विचारायच्या नाहीत.

शिकवताना ती गोष्ट त्या स्वतः सांगायच्या, मुलीची ओळख सगळी बदलून आणि स्वतःची मुळीच न बदलता. एकदा मी मागे बसून ऐकलं. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "पण बाई, कुलपाचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता, मग तुमचा काय दोष?"

ताई म्हणाल्या, "अर्थ मला सांगितलेला होता. त्या क्षणी आठवला असता की नाही, ते माहीत नाही, कारण मी आठवून पाहिलंच नाही. कुलूप दिसलं आणि मला वाटलं, वेबच्या पत्त्याशेजारी असतं तसलंच हे, म्हणजे सुरक्षित आहे. पण ते सोडा. मुलीने एकच सांगितलं होतं. ते समजायला संगणक येण्याची गरज नव्हती."

 त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या भागाकडे वळल्या.

त्या निवृत्त झाल्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मुलीची आई त्यांना दवाखान्यात भेटली, कसल्याशा तपासणीला आली होती. तिनेच ओळखलं. दोघी बाकावर शेजारी बसल्या. वडिलांना तिकडे काम मिळालं होतं, मग तेही सुटलं, मग दुसरं मिळालं. तब्येत बरी आहे. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, दूर राहते.

"बोलते का आता?" ताईंनी विचारलं.

"बोलते की. अडखळतच, पण बोलते. फोनवर तर तासन्‌तास."

"आणि... माझी आठवण काढते का कधी?"

आईने जरा विचार केला. खोटं सांगावं की नाही, असा तो विचार असावा असं ताईंना वाटलं. "शाळेबद्दल काही बोलत नाही ती," आई म्हणाली. मग तिचा नंबर पुकारला आणि ती उठून आत गेली.

ताई घरी आल्या, चप्पल काढली, आणि हे सगळं मला सांगितलं. मी म्हटलं, "ताई, पोर बोलतेय म्हणाली ना, मग झालं तर. आता तरी सोडा."

"हो, बोलते," त्या म्हणाल्या. "तिला बोलताना ऐकायला मला किती आवडलं असतं."

मग हात धुऊन त्या माझ्याशेजारी बसल्या आणि भाजी निवडायला लागल्या.